कढई कधी उतरवायची?



आम्ही तुमसर तालुक्यातल्या आंबागडहून बोलतो आहोत. किल्ल्याच्या पायथ्याचं आमचं गाव. आमच्या बचतगटात बारा जणी आहेत आणि आमचा धंदा जवसाच्या चटणीचा. धान कापायच्या आधी, बांधीत ओल असतानाच उभ्या धानात जवस नि लाखोरी फेकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामुळे जवस घरचंच. वाटलं, चटणी तर लहानपणापासून करतो, यात शिकायचं काय?

पण शिकावं लागलं. आणि शिकवलं कोणी, तर कॉफीच्या दाण्यानं. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्या गावात कॉफी पितं कोण? खरं आहे. आपण चहावर जगणाऱ्या बाया. कॉफी म्हणजे पाच रुपयांची पुडी. पाहुणा शहरातला असला, नाहीतर डोकं दुखत असलं, की दुधात टाकायची. आमचंही तेवढंच ज्ञान होतं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला आमची १८ पाकिटं तुमसरच्या एका दुकानातून परत आली. दुकानदारानं सांगितलं, "गिऱ्हाईक म्हणतं, चटणी खवट लागते." आम्ही फोडून पाहिली. खरंच खवट होती. गटाची बैठक बसली. एकीनं म्हटलं, लसूण वाढवू. दुसरीनं म्हटलं, तिखट वाढवू. आणि सगळ्या जणींचं एका गोष्टीवर एकमत झालं, की जवस आणखी खमंग भाजायचं. काळपट होईपर्यंत भाजलं की खवटपणा कळत नाही. आजवर आम्ही तेच करत आलो होतो.

त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीची मुलगी सणाला गावी आली. ती नागपूरला कॉफी भाजणाऱ्या एका लहानशा कारखान्यात काम करते. कारखाना म्हणजे फार मोठं काही नाही. एक खोली, त्यात भाजायचं एक फिरतं पिंप, एक निवडायचं टेबल आणि पाकिटं भरायची जागा. तिनं आमचं बोलणं ऐकलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही खवटपणा घालवत नाही, झाकता. आमच्याकडं याच्या अगदी उलट करतात." मग तिनं पिशवीतून कॉफीच्या दाण्यांचं एक पाकीट काढलं.

दाणे पाहून आम्हाला हसूच आलं. दालचिनीपेक्षा थोडा गडद असा रंग, काळेपणा कुठंच नाही, तेलाची चमक नाही. आमच्या आजी म्हणाल्या, "हे तं कच्चंच राहिलं वं पोरी. तुमच्या चुलीत लाकडं सरली होती का?"

ती म्हणाली, "आजी, हे मुद्दाम हलकं भाजलं आहे." पाकिटावर तीन गोष्टी छापल्या होत्या. कॉफी कोणत्या मळ्यातली, कोणत्या तारखेला भाजली, आणि चव कशाची आठवण करून देते. वरून कसला वास घातलेला नव्हता. दाण्यात जे मुळात होतं, तेच लिहिलं होतं.

आता हे हलकं भाजणं समजायचं, तर आधी कॉफी म्हणजे काय ते पाहू.

कॉफी हे झाडाचं फळ आहे. पिकलं की लालभडक होतं, साधारण जंगली बोराएवढं. आपण बोराचा गर खातो नि आठोळी फेकतो, इथं उलट आहे. गर काढायचा आणि आतल्या बिया ठेवायच्या. एका फळात दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना लागलेल्या. गर काढल्यावर बियांवर चिकट थर राहतो. तो पाण्याच्या टाक्यात एखादा दिवस भिजवून सोडवायचा, धुवायचा, मग बिया उन्हात वाळवायच्या. ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आला की वाळवण थांबवायची. वरचं टरफल काढलं की आत हिरवट दाणा निघतो. त्याला कॉफीचा वास अजिबात नसतो. वास घेतला तर वाळल्या गवताचा येतो. एक किलो असा दाणा मिळवायला पाच-सहा किलो फळं तोडावी लागतात.

आपल्या देशात कॉफी कशी आली, त्याची एक गोष्ट सांगतात. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे सूफी संत हजहून परत येताना अरबस्तानातल्या मोखा बंदरातून सात बिया घेऊन आले आणि कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या. तो डोंगर आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. देशातली बहुतेक कॉफी आजही कर्नाटकातच पिकते, त्याखालोखाल केरळ आणि तमिळनाडू.

आपल्या महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदरा. आपला आंबागडचा डोंगर सातपुड्याचा, आणि चिखलदराही सातपुड्यातच, पश्चिमेला अमरावती जिल्ह्यात. इंग्रजांच्या काळापासून तिथं कॉफीची झाडं आहेत. मग आम्हीही विचारलं, आपल्याकडं लावली तर? मुलगी म्हणाली, त्या भानगडीत पडू नका. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचावर आहे, तिथं गारवा आहे, धुकं आहे. चांगल्या जातीच्या कॉफीला, जिला अरेबिका म्हणतात, उंची आणि सावली दोन्ही लागतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. मैत्रिणींनो, उद्या कोणी कॉफीची रोपं विकायला गावात आलं, तर एवढं लक्षात ठेवा.

आता भाजण्याकडं येऊ. मुलीनं अर्धा किलोच्या वर हिरवे दाणे आणले होते. ती म्हणाली, "सांगून नाही समजायचं, भाजूनच पाहू." आम्ही चूल पेटवली, लोखंडी कढई चढवली. दोनशे ग्रॅमचे दोन घाणे केले.

पहिल्या घाण्यात दाणा आधी पिवळा पडला. भाजक्या पोळीसारखा वास आला. मग तांबूस झाला, पातळ फोलपटं उडू लागली. आम्ही सराट्यानं सतत हलवत होतो. आठ-नऊ मिनिटांनी तड... तड... असा आवाज आला, लाह्या फुटाव्या तसा. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ आणि वायू आत कोंडून दाणा फुगतो, तडकतो, त्याचा हा आवाज. कॉफीवाले याला पहिला तडका म्हणतात. त्या वेळी दाण्याची उष्णता साधारण २०० अंशांच्या आसपास असते. तडतड मंदावली तशी मुलगी ओरडली, "उतरवा!" आम्ही दाणे सुपात ओतले आणि हातपंख्यानं वारा घालून थंड केले. थंड नाही केले, तर कढईबाहेरही दाणा आपल्याच उष्णतेनं भाजत राहतो.

दुसरा घाणा तिनं तसाच पुढं भाजू दिला. थोड्या वेळानं पुन्हा तडतड झाली, या वेळी बारीक आणि भराभर. धूर झाला. दाणे काळे झाले, वर तेल सुटलं. हा गडद भाजलेला घाणा. दुकानातल्या कॉफीचा आपल्या ओळखीचा वास याच घाण्याला होता.

मग दोन्ही तोलून पाहिले. हलका घाणा २०० ग्रॅमचा १७४ भरला. गडद घाणा १६० भरला. वजनातला तो फरक धुराबरोबर उडाला होता. आम्ही जवस काळं करताना तेच करत होतो, आणि वर सरपणही जास्त जाळत होतो.

मग तिनं आम्हाला एक काम दिलं. हलका घाणा परातीत पसरून सगळ्यांनी नीट बघा, म्हणाली. बघितलं, तर काही दाणे बाकीच्यांपेक्षा पांढरट दिसत होते. ती म्हणाली, हे कच्च्या फळातले दाणे. फळ हिरवं असतानाच तोडलं, तर दाण्यात गोडवा भरत नाही, म्हणून भाजल्यावर रंग चढत नाही. चावून पाहा. आम्ही चावला. शेंगदाण्याच्या टरफलासारखा लागला, कोरडा.

मग गडद घाणा पसरला. त्यातही तसेच कच्चे दाणे असणारच, गोणी तर एकच होती. पण सगळेच काळे. कोणता कच्चा, कोणता किडका, कोणता बुरसलेला, काही ओळखू येईना.

मैत्रिणींनो, तिथं आम्हाला उमगलं. गडद भाजलं की चव मुख्यतः भाजण्याची लागते. कडू, खरपूस, धुरकट. चांगला दाणा आणि वाईट दाणा एकाच पंगतीत बसतात. हलकं भाजलं की चव दाण्याची लागते. दाणा चांगला असेल तर चांगली, वाईट असेल तर वाईट. लपायला जागाच राहत नाही. त्यामुळं हलकं भाजून विकायचं ज्यानं ठरवलं, त्याला माल निवडूनच घ्यावा लागतो.

गडद भाजणं म्हणजे काही पाप नाही, हेही तिनं सांगितलं. दूध-साखरेची कॉफी करायची असेल तर गडद दाण्याची चव दुधातूनही लागते. दक्षिणेकडची फिल्टर कॉफी कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तशीच चालत आली आहे, आणि त्यात बऱ्याचदा चिकोरी नावाच्या मुळाची भाजलेली पूडही घालतात. ज्याची त्याची आवड. प्रश्न एवढाच, की आपण गडद भाजतो ते चवीसाठी, की दोष झाकायला?

मग आम्ही पिऊन पाहिलं. हलका घाणा जाडसर दळला, पेलाभर पाण्याला तीन लहान चमचे पूड, उकळून थोडं निवलेलं पाणी ओतलं, चार मिनिटांनी फडक्यातून गाळलं. दूध नाही, साखर नाही. पहिला घोट घेऊन आजी म्हणाल्या, "लिंबू पिळलं का वं यात?" खरंच आंबटसर होतं. पण थोडं कोमट झाल्यावर पुन्हा घेतलं, तर संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी वासाला आलं आणि मागून गोडसर लागलं. पिकल्या फळाचा आंबटपणा वेगळा आणि नासलेल्याचा वेगळा, हे आपल्याला शिकवायला नको. खोटं कशाला सांगायचं, आमच्यातल्या सात-आठ जणींना ती कॉफी आवडली नाही. दोघींनी गूळ घालून प्यायली. पण गडद घाण्याचा कप नंतर प्यायला, तेव्हा सगळ्याच जणी म्हणाल्या, की याला फक्त जळल्याची चव आहे.

अशी हलकी भाजलेली कॉफी विकणारे लहान-मोठे भाजणारे आता आपल्या देशात बरेच झाले आहेत. दिल्लीच्या ब्लू टोकाई या कंपनीची सुरुवात २०१३ साली एका जोडप्यानं आपल्या राहत्या घरात दाणे भाजून केली होती. पाकिटावर मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख छापायची पद्धत त्यांनी आपल्या देशात लोकांच्या सवयीची केली. आपल्या नागपुरातही कॉरिडॉर सेव्हन नावाचे भाजणारे आहेत. तिथले मिथिलेश वझलवार यांनी कॉफी बनवण्याची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आहे. म्हणजे जिथं कॉफीचं एक झाड नाही, त्या संत्र्याच्या नागपुरातला माणूस नुसत्या चवीच्या आणि निवडीच्या जोरावर देशात नाव काढतो.

या कॉफीला ते स्पेशालिटी कॉफी म्हणतात.  चव घेणारे शिकलेले लोक असतात, ते १०० पैकी गुण देतात. ८० किंवा त्याहून जास्त मिळाले, की तिला स्पेशालिटी म्हणायची रीत पडली. एका गोणीतल्या कॉफीचे ते एकसारखे पाच कप करतात. आम्ही विचारलं, पाच कशाला, एक पुरे नाही का? ती म्हणाली, एखादा नासका दाणा असला, तर तो पाचातल्या एखाद्याच कपात जाईल आणि तिथं पकडला जाईल. म्हणून प्रत्येक कपाचे दाणे वेगळे दळतात. चव घेण्याच्या आधी हिरव्या दाण्यांचा ३५० ग्रॅमचा नमुना टेबलावर पसरून निवडतात. त्यात पूर्ण काळा पडलेला किंवा पूर्ण आंबलेला एक दाणा जरी निघाला, तरी जुन्या नियमानं माल त्या दर्जातून बाद.

हे ऐकून आमच्या एका काकूंनी विचारलं, "एवढे निवडक दाणे आणतं कोण?"

आणि इथं गोष्ट आपल्यापर्यंत येते. कारण ते दाणे आणतात बाया. कॉफीच्या मळ्यात फळं तोडणं आणि दाणे निवडणं ही कामं बहुतेक बायाच करतात. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, लाल आणि सुकलेलं, सगळी फळं एका वेळी असतात. फक्त लाल तोडायचं, तर एकाच झाडाकडं तीन-चार वेळा यावं लागतं. नाहीतर मूठ फिरवून अख्खी फांदी एकदाच ओरबाडायची. मजुरी नुसती किलोवर दिली, तर बाई ओरबाडणारच. तिचं पोट आहे. पिकलेलंच फळ हवं असेल, तर निवडून तोडण्याचे जास्त पैसे द्यावे लागतात.

हे ज्यांनी करून दाखवलं, त्यांतलं एक ठिकाण आंध्र प्रदेशातलं अराकू खोरं. पूर्व घाटातली आदिवासी कुटुंबं, लहान लहान तुकड्यांत सावलीखाली कॉफी लावतात. पूर्वी व्यापारी सांगेल त्या भावाला माल जायचा. नांदी फाउंडेशन या संस्थेबरोबर त्यांनी सहकारी संस्था उभी केली, पिकलेलं फळ निवडून आणायची पद्धत घातली, चांगल्या फळाला चांगला भाव लावला. २०१७ मध्ये त्यांच्या कॉफीचं दुकान थेट पॅरिसला उघडलं. २०१९ मध्ये अराकूच्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला मिळालं आहे, तसंच. तिथल्या बाया आपल्यासारख्याच डोंगराच्या कडेनं राहणाऱ्या.

आमच्या मोहाचंही तसंच आहे. झाडाखालचा पाला जाळून, राखेतून वेचलेलं मोहफूल आणि झाडाखाली जाळी बांधून धरलेलं स्वच्छ फूल, दोन्ही एकाच झाडाचं. पण एक दारूच्या भट्टीकडं जातं आणि दुसऱ्याचे लाडू करता येतात. फरक वेचण्यात आहे.

मुलगी हे सांगत होती आणि आमच्या आजी गप्प बसल्या होत्या. त्या आमच्यात सगळ्यांत मोठ्या. सराटा हलवणं आता त्यांना जमत नाही. म्हणून जवस निवडायचं काम त्यांच्याकडं. खडे, माती, तणाचं बी, पिचके दाणे, सगळं त्या बसून काढायच्या. मुलगी थांबली तशी त्या म्हणाल्या, "मंग मी का फुकट बसतो वं?"

सगळ्या जणी एकदम चूप झाल्या. कारण गोष्ट खरी होती. आमच्या गटात भाजणारीला मजुरी होती, कुटणारीला होती, पाकिटं भरणारीला होती, तुमसरला माल नेणारीला एसटीचं भाडं आणि वर रोज होता. निवडणारीला काही नव्हतं. ते तर बसून करायचं काम, घरचंच काम, असं आम्ही धरलं होतं. आणि फुकटचं काम म्हणून आजींना आम्ही घाईही करायचो. "राहू दे आजी, दोन-चार खडे राहिले तर का होते? भाजलं की काही कळत नाही." हे आम्हीच बोललो होतो.

त्या रात्री बैठक उशिरापर्यंत चालली. भांडणही झालं, लपवत नाही. एकीचं म्हणणं होतं, की निवडायला पैसे दिले तर पाकीट महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल, गटाचं कर्ज कसं फिटेल? तिचंही चूक नव्हतं. बँकेचा हप्ता कोणाला चुकला आहे? दुसरी म्हणाली, १८ पाकिटं परत आली ती स्वस्त पडली का?

शेवटी ठराव लिहिला. पहिली गोष्ट, व्यापाऱ्याकडचं जुनं-नवं मिसळलेलं जवस बंद. जवस घ्यायचं ते गटातल्या आणि गावातल्या बायांच्या बांधीतलं, त्याच वर्षाचं, आणि किलोमागे २० रुपये जास्त देऊन. दुसरी गोष्ट, निवडायला किलोला ८ रुपये मजुरी. तिसरी गोष्ट, जवस हलकं भाजायचं.

हलकं म्हणजे कच्चं नाही, हे कॉफीतही आहे आणि जवसातही. फार लवकर उतरवली तर कॉफीला गवताचा वास राहतो आणि जवस दाताला चिकटतं. जवसालाही तडका असतोच, आपल्याला ठाऊक आहे. तडतड सुरू होते, जोरात येते, मग मंदावते. मंदावली की कढई उतरवायची आणि लगेच परातीत पसरायचं. पूर्वी आम्ही त्याच्यापुढंही दहा मिनिटं भाजत होतो.

घाणाही लहान केला. पूर्वी मोठ्या कढईत पाच किलो एकदम टाकायचो, खालचं करपायचं नि वरचं कच्चं राहायचं. आता एका वेळी दीड किलो. आणि कॉफीवाल्यांचं पाहून एक वही घातली. तारीख, कोणाच्या बांधीतलं जवस, निवडण्याआधीचं वजन, निवडल्यानंतरचं वजन, किती मिनिटं भाजलं, भाजल्यावर किती भरलं. आमच्यातल्या सातवी शिकलेल्या ताई ती वही लिहितात. माल बिघडला तर आता एकमेकींकडं बोट दाखवावं लागत नाही, वही पाहतो.

तिसरी सवय तारखेची. जवस अख्खं असतं तोवर टिकतं. कुटलं की त्यातल्या तेलाला हवा लागते आणि ते लवकर खवट होतं. कॉफीचंही असंच आहे, दाणा टिकतो, दळलेली पूड लवकर उतरते. म्हणून आता आम्ही आठवड्याला लागेल तेवढंच कुटतो आणि पाकिटावर कुटल्याची तारीख टाकतो. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर तारीख आणि नोंदणी क्रमांक हवाच, तो कायदाच आहे. पण आम्ही आधी तारीख कोपऱ्यात बारीक टाकायचो, आता ती पुढं मोठी टाकतो.

आणि चौथी सवय चव घेण्याची. दर शनिवारी तीन बशांत तीन घाण्यांची चटणी ठेवायची. कोणती कोणाची, ते बशीखाली चिठ्ठीवर. सगळ्यांनी चाखायची, मत सांगायचं, मगच चिठ्ठी उलटायची. आधी नाव माहीत असलं, की आपण जावेची तारीफ करतो नि सुनेच्या हातात खोट काढतो. चिठ्ठी झाकलेली असली की जीभ खरं बोलते.

आता हिशोब सांगतो, कारण हिशोबाशिवाय कोणतीही गोष्ट अर्धी. पाकिटामागे खर्च साधारण ३ रुपयांनी वाढला. शंभर ग्रॅमचं पाकीट ३० रुपयांना होतं, ते ३५ ला केलं. पूर्वी आठवड्याला ६० पाकिटं जायची, म्हणजे १,८०० रुपये. भाव वाढवल्यावर ती ४२ वर आली, म्हणजे १,४७० रुपये. तीन महिने आम्ही फार काळजीत काढले. एक दुकान सुटलं ते सुटलंच. ज्या बाईनं महागाईची शंका काढली होती, तिनं एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही, हे तिचे उपकार. मग हळूहळू जुनं गिऱ्हाईक फिरून आलं. आज ५५ पाकिटं जातात, १,९२५ रुपये होतात. फार मोठी उडी नाही. पण नव्या जवसाची चटणी सुरू केल्यापासून परत आलेलं पाकीट एकच, आणि ते फाटलं होतं म्हणून.

आजींना पहिल्या महिन्याचे निवडायचे ११२ रुपये मिळाले. त्यांनी ते पदरात बांधले आणि दुसऱ्या दिवशी चष्म्याची काच बदलून आणायला पोराबरोबर तुमसरला गेल्या, वरचे पैसे पोरानं घातले. आल्यावर जवसाचं सूप पुढं ओढून म्हणाल्या, "अगं, इतके दिवस बारीक खडे माझ्या हातून सुटत होते." आणि त्या दिवशी त्यांनी आधी निवडलेलं सगळं जवस पुन्हा निवडलं. दुसऱ्यांदा निवडायचे पैसे घेतले नाहीत. आम्ही मात्र वहीत मांडले आणि पुढच्या महिन्यात दिले.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात लोणचं असेल, पापड असतील, भाजणी असेल, मोहाचे लाडू असतील. आम्ही तुम्हाला कॉफी प्या म्हणत नाही. एकच काम सांगतो. पुढच्या बैठकीत तुमच्या मालाच्या तीन बशा मांडा, चिठ्ठ्या खाली ठेवा आणि चाखा. मग एकमेकींना विचारा, आपण तिखट, मीठ, तेल किंवा आच वाढवून काय झाकतो आहोत? आणि हिशोबाची वही उघडून पाहा, निवडणारीच्या नावापुढं रक्कम लिहिली आहे का.

आमच्याकडं आता निवडणारीची सही झाल्याशिवाय जवस चुलीवर चढत नाही. आजींना सही येत नाही, त्या अंगठा देतात. तो अंगठा आमच्या वहीत प्रत्येक घाण्याच्या पुढं आहे.